आधी नाव, मग गोष्ट

मी वकील नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये निम्मे लोक मला आजही ‘वकीलबाई’ म्हणतात आणि भाजीच्या गाडीवर उभं राहून भाडेकरूला घराबाहेर कसं काढायचं ते विचारतात. मी अठ्ठावीस वर्षं एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात कारकून होते. टायपिंग केलं, तारखांची डायरी सांभाळली, नोटिसा पोस्टात टाकल्या, पोचपावत्या जपल्या, साहेबांचा विसरलेला चष्मा रिक्षाने कोर्टात नेऊन दिला. पण या सगळ्यात एक काम असं होतं, जे साहेबांनी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कधी करू दिलं नाही. मी नावं बघायचे.

नावं बघणं म्हणजे काय ते सांगते. समजा, तुमचा भावाशी वाद आहे आणि तुम्ही वकिलाकडे गेलात. त्याला सगळं सांगितलंत, घरात बायकोलाही न सांगितलेलं सांगितलंत. उद्या तुमचा तोच भाऊ त्याच वकिलाकडे गेला आणि म्हणाला, माझी केस घ्या, तर वकिलाने काय करायचं? नाही म्हणायचं. तुमचं काम संपून दहा वर्षं झाली असली तरी नाहीच म्हणायचं, कारण तुम्ही विश्वासाने सांगितलेलं त्याच्या डोक्यात आहे आणि ते घेऊन त्याने तुमच्यासमोर उभं राहायचं नाही. कायद्याच्या पुस्तकात याला ‘हितसंबंधांचा संघर्ष’ असं भारदस्त नाव आहे. आमच्या ऑफिसात ‘बाई, नाव बघा’ एवढंच म्हणायचे. आता नाही म्हणायचं तर हा त्या भावाचा भाऊ आहे हे आधी कळायला हवं ना? ते कळून घ्यायची जबाबदारी माझी.

त्यासाठी माझ्याकडे एक लांबरुंद रजिस्टर होतं. आलेल्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, समोरचा पक्ष, कशाबद्दल आला. नुसता सल्ला विचारून गेलेला माणूससुद्धा त्यात नोंदला जायचा. नवीन काम आलं की मी मागची सगळी पानं धुंडाळायचे आणि काही आडवं येत नसेल तर फाइलच्या कव्हरवर लाल शाईने ‘ना. ब.’ लिहायचे. नाव बघितलं. ही दोन अक्षरं दिसल्याशिवाय साहेब फाइलची नाडी सोडायचे नाहीत.

यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या भागात येऊन महिनाभर बसावं. माझं माहेर मोरिवलीचं. तिथे अर्ध्या गावाचं आडनाव एक, त्यामुळे नाव विचारून भागत नाही, घर विहिरीजवळचं की देवळामागचं ते विचारावं लागतं. बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांतून सोसायटीचा सेक्रेटरी आणि त्याच्यावर खवळलेला मेंबर एकाच आठवड्यात आमच्याकडे यायचे, कारण दोघांना आमचा पत्ता एकाच लिफ्टवाल्याने दिलेला. उल्हासनगरचे व्यापारी कागदावर अशोककुमार असतात आणि बाजारात त्यांना कुणी लक्की म्हणतं, कुणी रिंकू. आनंदनगरच्या एमआयडीसीत तर कंपन्याच नाव बदलतात. पाटी नवी, लेटरहेड नवं, डायरेक्टर म्हणून सुनेचं नाव. मी सगळं लिहून घ्यायचे आणि मग पाणी पुढे करत सहज विचारायचे, "गेटवर वॉचमन कोण आहे हो तुमच्याकडे?" पाटी बदलणारे शेठ वॉचमन बदलत नाहीत. त्या एका प्रश्नावर मी दोनदा जुनी कंपनी ओळखून काढली आहे आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

आमचे साहेब सिंधी. कॅम्पातल्या बराकीतच जन्मलेले, मराठी फर्डं बोलायचे, पण राग आला की हिंदीवर जायचे. येणारे लोक त्यांना ‘वकील सांई’ म्हणत. नाव बघण्याआधी ते कुणाचीही हकीकत ऐकून घेत नसत. हा नियम आला तो एका कापडवाल्यामुळे. हा गृहस्थ एकदा आला, अर्धा तास भागीदाराबद्दल बोलला, चहा प्याला आणि गेला. केस कधी टाकायची विचारलं तर म्हणे बघू. त्याच्या शर्टाच्या खिशातून दुसऱ्या तीन वकिलांची कार्डं डोकावत होती ती मी पाहिली, पण अर्थ लागला नाही. पुढच्या महिन्यात त्याचा भागीदार आला. आम्हाला नाही म्हणावं लागलं. तो हताश होऊन म्हणाला, "हे पाचवं ऑफिस. सगळे म्हणतात, तो आधी येऊन गेला." गावातले सगळे चांगले वकील त्या कापडवाल्याने फुकटच्या चहावर बाद करून टाकले होते! साहेब त्या दिवशी हसलेही आणि चिडलेही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, ‘आधी नाव, मग गोष्ट’. गोष्ट ऐकल्यावर ऐकली नाही असं करता येत नाही, म्हणून.

एवढा बंदोबस्त असून माझ्या हातून चूक झाली. तीच सांगायला आज लिहिते आहे. यातली नावं अर्थातच बदललेली आहेत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांबरोबर आमच्याकडे आली. तिला वर्षा म्हणू. विशीची, सडपातळ, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसणारी. वडिलांचं जीन्स शिवण्याचं छोटं युनिट होतं. वर्षाचं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं होतं, कारण तिला एक आजार होता आणि तो तिने स्वतःच त्यांना सांगितला होता. औषध चालू होतं, डॉक्टर म्हणत होते काळजी नाही. पण मोडल्यानंतर ते लोक बिरादरीत सगळ्यांना सांगू अशा धमक्या देऊ लागले. साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, डॉक्टरचे कागद बघितले, त्यांची एक प्रत ठेवली, मुलाकडच्यांना बोलावलं आणि अशा काही शब्दांत समजावलं की ते पुन्हा तोंड उघडायच्या भानगडीत पडले नाहीत. नोटीस पाठवायचीही वेळ आली नाही.

मी रजिस्टरमध्ये नोंद करत होते तेव्हा वर्षा माझ्या टेबलापाशी आली.

"दीदी, ये लिख के क्यूँ रखते हो?"

"तुझ्यासाठीच. उद्या कुणी तुझ्याविरुद्ध आलं तर आम्ही त्याला परत पाठवू."

"और किसी को पता नहीं चलेगा ना?"

"इस ऑफिस से नहीं," मी म्हटलं.

ती हसली. फाइल बांधून मी माळ्यावर टाकली आणि विसरून गेले.

त्यानंतर पाचएक वर्षांनी मनोहरशेठ आले. मनोहरशेठ म्हणजे आमच्या ऑफिसचा आधारस्तंभच. आनंदनगरला त्यांचा प्लास्टिकचा कारखाना, त्याचे करार, कामगारांचे दावे, गोदामाची भांडणं, सगळं आमच्याकडे. आणखी एक गोष्ट लपवत नाही. माझा मुलगा नितीन त्याच कारखान्यात सुपरवायझर होता. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसला होता, तेव्हा शेठनीच त्याला उभं केलं होतं. घरात कमावते आम्ही दोघंच, कारण नितीनचे वडील तो दहावीत असतानाच गेले.

शेठ पहिल्यांदाच घरच्या कामासाठी आले होते. मुलाला बायकोपासून घटस्फोट हवा होता. सून माहेरी निघून गेली होती. तिचं नाव कशिश. ती गुपचूप कसल्याशा गोळ्या घेते, लग्नाआधीचा काहीतरी आजार आमच्यापासून लपवला, असं त्यांचं म्हणणं. हे मी इथे लिहू शकते, कारण पुढे त्यांनी हेच अर्जात लिहून कोर्टात दिलं. कसला आजार, कुठला डॉक्टर, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. नुसता संशय.

हे सगळं त्यांनी नंतर सांगितलं; त्याआधी, नियमाप्रमाणे, साहेब म्हणाले, "बाई, नाव बघा."

मी रजिस्टर उघडलं. ‘क’ची सगळी पानं बघितली. कशिश कुठे नाही. शेठचं आडनाव बघितलं, तिथे शेठच होते, आपलेच. माझ्या मनात आलं, घरच्या माणसाचं काय एवढं बघायचं? आणि मी लाल पेन उचलून लिहिलं, ना. ब.

साहेबांनी नोटीस तयार केली. मीच टाइप केली, मीच रजिस्टर पोस्टाने पाठवली. माहेरचा पत्ता कॅम्प पाचचाच होता, आमच्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. वडील दरम्यान वारले होते आणि कुटुंबाने जागा बदलली होती, म्हणून पत्त्यावरूनही काही लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब कोर्टात गेले होते. मी एकटीच होते. दार उघडून एक बाई आत आली. अंगाने भरलेली, केस कापलेले. तिच्या हातात आमचं लेटरहेड होतं.

"दीदी, ये आपने भेजा?"

आवाज ओळखीचा वाटला. तिने बसल्या बसल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मी ओळखलं, ही वर्षा.

सिंध्यांत लग्नात मुलीचं नाव बदलतात. पत्रिकेवरून अक्षर काढतात आणि सासर नवं नाव ठेवतं. वर्षाची कशिश झाली होती. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, कारण आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? माझंच नाव आशा. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात ‘प्रतिभा’ लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि आशा संपली. माझी आई जाईपर्यंत मला आशा म्हणणारं एक माणूस होतं, आता तेही नाही. वॉचमनचं नाव विचारणाऱ्या मला एवढं सुचू नये? एकच प्रश्न होता, ‘सूनबाईंचं माहेरचं नाव काय?’ वहीत त्यासाठी रकानाच नव्हता, आणि इतकी वर्षं ती वही मीच आखत होते.

"आपने बोला था, इस ऑफिस से नहीं," वर्षा म्हणाली.

"बोलले होते."

"फिर इनको कैसे पता चला? इसमें लिखा है, बीमारी छुपाई. मैंने नहीं छुपाई, दीदी. मैंने इनके बेटे को शादी से पहले बताया था. उसने बोला, मम्मी को मत बोलना, मैं संभाल लूँगा. अब वो मुकर गया. मम्मी को किसने बताया? आपने?"

इथे माझी जी कोंडी झाली ती बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही, म्हणून सावकाश सांगते. तिला शांत करायला एक वाक्य पुरलं असतं. ‘अगं, त्यांना काही माहीत नाही, त्यांनी फक्त गोळ्या पाहिल्यात, आम्ही काही सांगितलं नाही.’ पण ते मनोहरशेठनी आम्हाला विश्वासाने सांगितलेलं होतं. त्या दिवशी तेही आमचे पक्षकार होते. तिचं गुपित त्यांना सांगायचं नाही, तसं त्यांचं बोलणं तिलाही सांगायचं नाही. म्हणजे मी निर्दोष आहे हे पटवायला जे लागतं तेच बोलायची मला बंदी. वर्षा समोर रडत होती आणि मी दगडासारखी बसून होते. आयुष्यात मला स्वतःची एवढी चीड कधी आली नाही.

शेवटी मी म्हटलं, "चूक माझी आहे. हे काम आमच्याकडे यायलाच नको होतं. तू दुसरा वकील कर. आणि इथे बसून मला आणखी काही सांगू नकोस."

"मतलब, आपने बताया."

"मी उत्तर देऊ शकत नाही."

तिने नोटिशीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली. ‘येते’ म्हणाली नाही.

साहेब जेवायच्या वेळेला आले. मी उभी राहूनच सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतं माळ्याकडे पाहिलं. मग एवढंच विचारलं, "बाई, तुमचं पण नाव बदललं होतं ना लग्नात?" कानाखाली बसल्यासारखं झालं मला.

"साहेब, आता काय करायचं?"

"शेठचे कागद आजच्या आज परत. दोघांपैकी कुणाचीच बाजू घ्यायची नाही."

"कारण काय सांगू?"

"कारण नाही सांगायचं. कारण सांगितलं की सगळं सांगितल्यासारखंच आहे. नहीं कर सकते, बस."

मी स्टुलावर चढून माळ्यावरून वर्षाची जुनी फाइल काढली आणि साहेबांच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. जाळून टाकावी असंही मनात येऊन गेलं. पण तो कागद तिचा होता, जाळणारी मी कोण?

मनोहरशेठ दुसऱ्या दिवशी स्वतः आले. केबिनचं दार बंद होतं तरी बाहेर सगळं ऐकू येत होतं. "इतने साल का रिश्ता, सांई! वजह तो बताओ!" साहेब तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. दुपारी शेठचा टेम्पो आला आणि कारखान्याच्या सगळ्या फाइली गेल्या. भिंतीलगतचं आख्खं कपाट रिकामं झालं. मी प्रत्येक फाइलवर सही घेत होते आणि प्रत्येक कव्हरवर माझ्याच हातचं ना. ब. वाचत होते.

व्यापाऱ्याची बुद्धी मात्र चालते बरं. वकील कारण न सांगता मागे हटतो म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे, हे त्यांनी दोन दिवसांत ताडलं. पुढच्या रविवारी दुपारी शेठच्या पत्नी पुष्पाभाभी आमच्या घरी आल्या. हातात मिठाईचा डबा. नितीन घरीच होता, त्याने लगबगीने खुर्ची पुसून दिली.

"अदी," त्या म्हणाल्या. सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. "मैं कोर्ट-कचेरी की बात नहीं करती. औरत हूँ, औरत से पूछने आई हूँ. वो लड़की पहले तुम्हारे वकील के पास आई थी ना?"

"भाभी, चहा घ्या."

"कागज नहीं माँगती. बस, हाँ या ना. मुँह से भी मत बोलो, गर्दन हिला दो."

मी मान ताठ धरून बसले. हसू नका, खरंच अवघड असतं ते. नाही म्हणणंही चालणार नव्हतं. आज नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत गप्प बसल्यावर त्याचा अर्थ हो असा होईल. आणि इथे तर नाही म्हणणं खोटंच ठरलं असतं.

"भाभी, ऑफिसातलं मी घरात बोलत नाही."

"नितीन हमारा भी बच्चा है," त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात. "उसका तो सोचो."

नितीनने माझ्याकडे पाहिलं. त्याला विषय काय आहे तेही नीट माहीत नव्हतं, फक्त आपल्या नोकरीचं काहीतरी चाललंय एवढं कळलं होतं.

"आई, काय ते सांगून टाक ना. कुणाचा खून तर नाही केला?"

"नितीन, तू आत जा."

तो गेला नाही. भाभी उठल्या, डबा तिथेच ठेवून निघाल्या. मी जिन्यापर्यंत जाऊन तो त्यांच्या हातात परत दिला.

नितीनला त्यांनी काढलं नाही, मोठी माणसं असं उघड काही करत नाहीत. त्याला लाइनवरून काढून स्क्रॅपच्या शेडवर बसवलं. ज्यांना तो कामं सांगायचा ती पोरं येता-जाता बघायची. दोन महिन्यांनी त्याने स्वतःच राजीनामा दिला. त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "एका परक्या बाईसाठी पोराच्या पोटावर पाय दिलास." पुढचे आठ महिने तो घरी होता. आम्ही एकाच घरात जेवायचो, पण बोलणं मीठ दे, पाणी दे एवढंच. मग तळोज्याला त्याला काम मिळालं, पुढे लग्न झालं, आता बदलापूरला फ्लॅट आहे. सणावाराला येतो, सून गुणी आहे, नातीला माझा लळा आहे. पण तो रविवार आमच्या दोघांमध्ये आहे तो आहेच.

ऑफिसात मी त्याच आठवड्यात नवीन रजिस्टर आखायला घेतलं. नावाशेजारी एक रकाना वाढवला, ‘आधीचं नाव’. तेवढ्यावर थांबले नाही. जुनी सगळी रजिस्टरं काढली आणि त्यातल्या लग्न झालेल्या मुलींची, सुनांची, आयांची आधीची नावं शोधायला बसले. रोज दहा नावं, असा नेमच केला. फोन करायचे, बाजारात भेटले की विचारायचे, कुणाच्या सासरी जाऊन पोहोचायचे. बायकांना आधी नवल वाटायचं. मग त्या सांगायच्या, आणि सांगताना थोड्या लाजायच्या. अंबरनाथच्या एक आजीबाई तर म्हणाल्या, "थांब, आठवू दे." सगळं पुरं व्हायला मला साडेतीन वर्षं लागली. पुढे ज्युनिअर वकिलांनी सगळं कंप्युटरवर घेतलं आणि म्हणाले, आता बटण दाबलं की झालं. मी म्हटलं, बटण दाबा, पण आधी माहेरचं नाव विचारा. या रकान्याने पुढे किती जणांना वेळेवर परत पाठवलं ते सांगत बसत नाही. वर्षाच्या वेळी तो नव्हता, मला तेवढंच आठवतं.

माझ्या निवृत्तीला महिना राहिला असताना वर्षा ऑफिसात आली. मधे एकदा ती मला कॅम्प पाचच्या बाजारात दिसली होती आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली होती. यावेळी सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसली. तिचं प्रकरण केव्हाच मिटलं होतं, दोघांच्या संमतीने. मनोहरशेठही आता हयात नव्हते. ती एका शाळेत शिकवत होती.

"दीदी, मेरी फाइल है अभी?"

मी साहेबांच्या कपाटातून फाइल आणली. तिने नाडी सोडली, कागद उलटे-सुलटे केले आणि डॉक्टरच्या नावावर बोट ठेवलं.

"केस में उनके वकील ने मुझसे सब पूछा. क्या खाती हूँ, कब सोती हूँ, किससे बात करती हूँ. मैं हर तारीख पर डरती थी कि आज ये नाम लेगा. उसने अंदाज़ से तीन डॉक्टरों के नाम लिए. तीनों गलत. आखिर में हार के समझौते पर आ गए." ती थांबली. मग मराठीत म्हणाली, "हे नाव फक्त इथेच होतं, दीदी. तेव्हा मला कळलं."

मी रजिस्टर उघडलं आणि फाइल परत दिल्याची नोंद करून तिच्यापुढे सहीसाठी सरकवलं. ‘नाव’च्या रकान्यात तिने वर्षा लिहिलं आणि ‘आधीचं नाव’मध्ये कशिश.

हे लिहू का, असं मी तिला या दिवाळीच्या आधी फोन करून विचारलं. ती म्हणाली, "सब लिखो, बीमारी का नाम भी लिखो, अब मैं किसी से नहीं डरती." मी ते लिहिलेलं नाही. तिची भीती गेली, छान झालं. माझा शब्द अजून आहे.

राहिला नितीन. त्याला इतकी वर्षं वाटत आलं की आईच्या तत्त्वापायी आपली नोकरी गेली. तसं नाही रे बाबा. पहिल्याच दिवशी मी माहेरचं नाव विचारलं असतं तर साहेबांनी गोष्ट ऐकण्याआधीच शेठना नाही म्हटलं असतं. नोटीस गेली नसती, काम हातात घेऊन सोडल्यामुळे आला तसा संशय कुणाला आला नसता, पुष्पाभाभी आपल्या घरचा जिना चढल्या नसत्या आणि तू स्क्रॅपच्या शेडवर बसला नसतास. तुझी नोकरी माझ्या चुकीपायी गेली. हे मला तुला तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून छापून सांगते आहे. त्यासाठी तू मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

हा अंक बदलापूरला पोचला की तो वाचेल आणि फोन करेल, हे मी जाणून आहे. मग विचारेल, "पण आई, तिला झालं काय होतं?"

ते नाही, नितीन.